पद्मिनीचा रुसवा

विद्या अंगीं असणें आणि ती ऐन वेळीं आठवणें, या दोहोंमध्यें केवढें अंतर असूं शकतें, हें मला वयाच्या ६२ व्या वर्षीं कळलें. शिकविणारा कोणी पंडित नव्हता. उमरेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, डिसेंबरांतल्या एका थंड सकाळीं, बंद पडलेल्या मोटारीपाशीं मी उभा होतों. आणि मला शिकविणारी व्यक्ति त्याच मोटारीच्या मागच्या आसनावर शाल पांघरून बसली होती. ती म्हणजे माझी ८६ वर्षांची आई. मीं ३२ वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. आईची शाळा मराठी चौथ्या इयत्तेंत सुटली. तथापि त्या दिवशीं आम्हां दोघांमध्यें गुरु कोण आणि शिष्य कोण, याविषयीं मला तरी संशय उरला नाहीं. हकीकत लहानशीच आहे. परंतु ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांना, आणि ज्यांच्या घरीं वृद्ध माणसें आहेत त्यांनाहि, ती ऐकण्यासारखी वाटेल अशा समजुतीनें येथें सांगतों.

आमची गाडी 'प्रीमियर पद्मिनी' जातीची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि पुढें तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यांवर मोटारी तयार होऊं लागल्या. त्यांपैकीं फियाट ११०० या गाडीला १९७४ पासून 'पद्मिनी' हें चितोडच्या राणीचें नांव मिळालें. गाडीसाठीं नांव नोंदवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, असा तो काळ होता. १९७९ सालीं ती आमच्या दारीं आली, तेव्हां आईनें तिला हळदकुंकू लावून ओंवाळलें. आणि जे वडील कोर्टांतसुद्धां कधीं आवाज चढवीत नसत, त्यांनीं गल्लींतल्या पोरांना "हात लावूं नका" म्हणून मोठ्यानें बजाविलें.

पुढें ३६ वर्षें वडिलांनीं ती स्वतः चालविली. किल्ली ते दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नसत. त्यांच्या शेजारच्या आसनावर अशील किंवा खटल्याचीं कागदपत्रें असत. आई नेहमीं मागें, डाव्या अंगाला बसे. २०१५ सालीं वडील गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. किल्ली आली, परंतु किल्लीबरोबर जें ज्ञान यावयाचें तें कांहीं आलें नाहीं. वडिलांनीं तें आपण होऊन सांगितलें नव्हतें, आणि मींहि कधीं विचारलें नव्हतें.

आमच्या रुसव्याचें मूळ एका बातमींत आहे. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याचें वर्तमानपत्रांत छापून आलें. काळ्या-पिवळ्या रंगाची ती गाडी ज्यांनीं मुंबईंत एकदां तरी पाहिली असेल, त्यांना त्या बातमीनें थोडें तरी वाईट वाटलें असेल. मला तर एकदम उमाळा आला. आपल्या दारांत उभी असलेली ही राणी आपण कशी कळकट ठेविली आहे, असें मनांत येऊन मीं त्याच दिवाळींत तिला नवा रंग देवविला. रंगाऱ्याला बजाविलें कीं, कानाकोपरा सोडूं नका. पेट्रोलच्या टांकीचें झांकणसुद्धां रंगवा. त्यानेंहि प्रामाणिकपणें तें रंगविलें. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. मीं मात्र तें सपशेल विसरून गेलों.

त्यानंतर कांहीं महिने सुरळीत गेले. गांवांतल्या गांवांत, बाजार, बँक, देऊळ एवढ्याच फेऱ्या होत, आणि त्यांत तिनें कधीं कुरकुर केली नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांत नागपुरास महालांत राहणाऱ्या माझ्या मावशीची पंचाहत्तरी होती. उमरेडची छोटी रेल्वे रुंदीकरणासाठीं २०१९ सालींच बंद झालेली; तेव्हां आई, सौ. आणि मी गाडीनेंच निघालों. लांबच्या प्रवासास निघतांना टांकी कांठोकांठ भरावी, ही वडिलांची शिस्त मीं नेटानें पाळतों. त्याप्रमाणें ती भरली. उदासा गांव मागें पडलें, आणि कांहीं किलोमीटर गेल्यावर इंजिनाचा जोर कमी होऊं लागला. गाडीनें दोन-चार आचके दिले. चोक ओढला तेव्हां फर्लांगभर ती पुन्हां धांवली, आणि मग निमूटपणें उभी राहिली.

नागपूरकडचा मे महिना काय असतो हें विदर्भाबाहेरच्या वाचकांस शब्दांनीं सांगणें कठीण. पारा ४५ अंशांना टेकलेला, रस्त्यावर मृगजळ, आणि झाड म्हणावें तर एक बाभूळ. तिच्या विरळ सावलींत आम्ही वीस मिनिटें बसलों. मग किल्ली फिरवितांच इंजिन कांहींच न घडल्यासारखें सुरू झालें. चांपा येण्यापूर्वीं पुन्हां तेंच. त्या दुसऱ्या थांब्यावर आईनें आपल्या बटव्यांतून एक शिवणाची सुई काढून माझ्यापुढें धरली. म्हणाली, "ही घे. तुझे बाबा उन्हाळ्यांत गाडी अडली कीं माझ्याकडून सुई मागून घेत."

मीं ती सुई घेतली नाहीं. उलट त्या उन्हांत आईला एक व्याख्यान दिलें. कार्बुरेटरमध्यें जेट म्हणून पितळेचा एक बारीक मणी असतो. त्याच्या छिद्रांतून पेट्रोल मोजून बाहेर पडतें. जेटवर कोरलेला आंकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत त्या छिद्राचें माप सांगत असतो. अशा छिद्रांत सुई किंवा तार घातली तर तें केसभर रुंद होतें, आणि गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते. जेट साफ करावयाचा तर तो फुंकरीनें किंवा हवेच्या झोतानें. "बाबांनीं सुई वापरली असेल तर ती त्यांची चूक होती," असेंहि मी बोलून गेलों. माझें म्हणणें शास्त्रदृष्ट्या अक्षरशः खरें होतें. आईनें सुई मुकाट्यानें बटव्यांत ठेविली. पंचाहत्तरी आम्हांला साधली नाहीं. भर दुपारीं आईला आणखी उन्हांत ठेवणें धोक्याचें वाटून आम्ही माघारीं फिरलों.

आतां ज्यांना मोटारीच्या पोटांत काय चालतें याची कल्पना नाहीं, अशांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. जुन्या गाडींत पेट्रोलचा प्रवास असा असतो. मागें टांकी, तिच्यापासून गाडीच्या पोटाखालून एक लांब नळी पुढें येते. इंजिनाच्या अंगाला एक लहानसा पंप असतो. त्यांतला लवचीक पडदा इंजिनाच्या गतीनें वरखालीं होऊन पेट्रोल ओढतो आणि पुढें ढकलतो. तेथून तें कार्बुरेटरच्या वाटींत येतें. घरच्या पाण्याच्या टांकींत जसा एक पोकळ चेंडू तरंगत असतो, आणि पाणी वर येतांच तोटी बंद करतो, तसाच एक तरंगा या वाटींत असून तो पेट्रोलची पातळी एकसारखी ठेवतो. वाटीच्या शेजारून इंजिनाकडे जाणारी हवा एका अरुंद गळ्यांतून वेगानें धांवते. वेग वाढला कीं दाब उतरतो, हा नियम बर्नूली या शास्त्रज्ञानें १७३८ सालीं प्रसिद्ध केला. अरुंद गळ्याशीं मात्र व्हेंतुरी या इटालियन पंडिताचें नांव जोडलेलें आहे. दाब उतरलेल्या त्या जागीं जेटमधून पेट्रोल आपोआप तुषारांच्या रूपानें ओढलें जातें. वजनानें पाहतां पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारें १५ भाग मिळाले कीं इंजिन तृप्त असतें. सारांश, दुखणें टांकी, नळी, पंप, वाटी आणि जेट या पांच मुक्कामांपैकीं कोठेंहि असूं शकतें. आणि दुखणें कोठेंहि असलें तरी लक्षण एकच, गाडी आचके देऊन थांबते.

मे महिन्यांतल्या प्रसंगाचें निदान सर्वांनीं एकमुखानें केलें: ऊन. तें अगदींच अविचाराचें नव्हतें. पेट्रोलचे हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळूं लागतात. तापलेल्या इंजिनाजवळच्या नळींत त्याची वाफ झाली कीं पंप वाफच ओढीत बसतो आणि पेट्रोल पुढें सरकत नाहीं. गाडी थंड झाली कीं वाफ विरते व सर्व कांहीं पूर्ववत् होतें. पंपावर ओलें फडकें गुंडाळावें, हा आपल्याकडचा त्यावरचा जुना उपाय. मींहि फडकें गुंडाळलें. गांवांत चार फेऱ्या मारल्या. गाडी थांबली नाहीं. मी प्रसन्न झालों.

जुलै महिन्यांत भर पावसांत पुन्हां नागपूरला निघालों, आणि उदासा ओलांडल्यावर जवळजवळ त्याच ठिकाणीं गाडी पुन्हां उभी राहिली. बाहेर गारवा होता, फडकें पावसानें आयतेंच भिजलेलें होतें. ऊन या आरोपांतून निर्दोष सुटलें.

मग मी आमच्या गांवांतल्या वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. हे गृहस्थ पद्मिनी जातीच्या गाड्यांचें नाडीपरीक्षण जाणतात. प्रथम त्यांनीं प्लग काढून पाहिले. प्लगचें टोंक काजळलेलें असेल तर पेट्रोल जास्त होतें, पांढरट असेल तर कमी पडतें, आणि विटकरी तपकिरी असेल तर प्रमाण योग्य, अशी त्यांची परीक्षा. आमचे प्लग पांढरट निघाले. ठिणगी निळी आणि ठसठशीत होती; तेव्हां दोष विजेचा नसून पेट्रोलचाच, हें ठरलें. चोक ओढल्यावर गाडी थोडी धांवली, याचाहि अर्थ तोच. कारण चोक हवा अडवितो आणि पेट्रोलचा वांटा वाढवितो. इथपर्यंतचा आमचा तर्क निर्दोष होता.

सोलेक्स जातीचा तो कार्बुरेटर त्यांनीं उघडला. वाटीच्या तळाशीं तपकिरी चिखल सांठलेला. "मास्तर, हे पाहा," ते म्हणाले, "आतांच्या पेट्रोलात दारू रायते ना, ते पानी ओढते." त्यांचें म्हणणें खरें आहे. २०२३ पासून आपल्याकडील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें. इथेनॉल हा मद्यार्कच; तो पाण्याला जवळ करतो, टांकींत वर्षानुवर्षें चिकटलेला मळ सोडवून पुढें आणतो, आणि जुन्या धर्तीच्या रबरास सोसत नाहीं. ज्या काळीं ही गाडी घडली त्या काळीं या इंधनाचा विचारच नव्हता. मिस्त्रींनीं वाटी धुतली. जेट हवेच्या झोतानें स्वच्छ केला. नव्या इंधनास टिकतील अशा नळ्या घातल्या. गाडी गांवांत सशासारखी पळूं लागली. ऑगस्टांत नागपूरला निघालों, आणि पुन्हां तेंच.

सप्टेंबरांत पंपाचा पडदा बदलला. मिस्त्रींनीं पंपाची पुढची नळी सोडून एका बाटलींत धरली, आणि इंजिन फिरवितांच पेट्रोलच्या जोरदार पिचकाऱ्या बाटलींत पडल्या. (ही परीक्षा इंजिन पूर्ण थंड असतां, विस्तवापासून दूर, आणि जाणत्या माणसाच्या हातूनच करावी.) पंपांत कांहीं उणें नव्हतें. विशेष म्हणजे त्यानंतरची एक फेरी निर्विघ्न पार पडली. गाडी थेट नागपूरला जाऊन आली. त्या दिवशीं घाईंत टांकी भरावयाची राहून गेली होती आणि पेट्रोल निम्म्याहून कमी होतें, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटली. पुढच्या खेपेस मी शहाण्यासारखी टांकी भरून निघालों, आणि गाडी थांबली.

आतां माझा धीर सुटला. पुण्याहून मुलगा दूरध्वनीवर म्हणाला, "बाबा, किती खर्च करणार तिच्यावर? आजोबांची आठवण म्हणून फोटो ठेवा, आणि गाडी विकून टाका." जुन्या गाड्यांचा शौक असलेले नागपूरचे एक गृहस्थ ती घ्यावयास तयारहि झाले. डिसेंबरांतल्या एका रविवारीं ते पाहावयास येणार, असें ठरलें. आईला मीं तें सांगितलें, तेव्हां ती वाती वळीत होती. तिनें "बरं" एवढेंच म्हटलें, आणि वाती वळण्याचें काम पुढें चालू ठेवलें.

त्या रविवारच्या आधींच्या बुधवारीं मावशी घरांत पडल्याचा निरोप आला. मांडीचें हाड मोडलेलें. वय पाहतां पुढचें कांहीं सांगतां येत नव्हतें. मीं भाड्याची गाडी बोलावतों म्हटलें. आई म्हणाली, "आपल्या गाडीनें जाऊं. लग्नानंतर ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती याच गाडींतून. हे तिला आणावयास गेले होते. वाटेंत थांबली तर थांबूं." मला नाहीं म्हणवेना. सवयीनें टांकी भरली आणि निघालों.

सकाळचा थंडीचा कडाका. उदासा मागें पडलें. माझें सर्व लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे. आणि ठरल्यासारखी, त्याच सुमारास, गाडीनें मान टाकली. मी उतरलों, पुढचें झांकण उघडलें, आणि ज्या यंत्राचा प्रत्येक भाग सहा महिन्यांत स्वच्छ झाला होता किंवा बदलला होता, त्याकडे शून्य दृष्टीनें पाहत राहिलों. तिकडे मावशी कोणत्या स्थितींत आहे, हें मनांतून जाईना.

मागच्या कांचेंतून आईनें हांक मारली. "अरे, एक बोलूं का? रागावूं नकोस."

"बोल ना, आई."

"तुझे बाबा सुई घेऊन पुढें कधीं जात नसत. मागें जात."

मला बोध होईना. "मागें कोठें?"

"मागें, जेथें पेट्रोल भरतात तेथें. मी येथें बसलेली असें, म्हणून मला ऐकूं येई. कुलपाची किल्ली वाजे, मग श्वास आंत ओढावा तसा 'फस्स' आवाज होई. मग ते झांकण हातांत घेऊन त्याला सुई टोंचीत, आणि सुई मला परत देत. तूं सांगितलेंस कीं सुई घालीत नसतात, म्हणून मग मी बोललें नाहीं."

क्षणभर मी जागच्या जागीं उभा राहिलों. मग मागें गेलों, कुलूप काढलें, आणि झांकण फिरविलें. आईनें वर्णिलेला आवाज जसाच्या तसा झाला; बाहेरची हवा एका दमांत टांकींत शिरली. झांकण बाजूला ठेवून किल्ली फिरविली. क्षणभर थांबून इंजिन सुरू झालें. वीस मिनिटें नव्हे, एक मिनिटहि लागलें नाहीं.

वडिलांच्या हयातींत गाडीचें मूळचें झांकण एकदां चोरीस गेलें होतें. तेव्हां त्यांनीं कुलपाचें झांकण आणून बसविलें. त्याला हवेसाठीं टांचणीच्या टोंकाएवढें एक छिद्र होतें. आमच्या भागांत कोळशाच्या खाणी. रस्त्यावर ट्रकांची वर्दळ. उन्हाळ्यांत त्या काळ्या बारीक धुळीनें छिद्र बुजे, आणि वडील तें आईच्या सुईनें मोकळें करीत. या वेळीं तें धुळीनें बुजलें नव्हतें. तें मीं स्वतः पैसे मोजून, आवर्जून सांगून, रंगानें बुजविलें होतें.

मीं आईपुढें हात केला. तिनें बटव्यांतून सुई काढून दिली. रंगाची खपली टोंचून काढली, झांकणावर ओठ लावून फुंकर मारली, आणि तें पुन्हां बसविलें. मागच्या आसनावरून आई म्हणाली, "तेलाच्या डब्याला नाहीं का आपण दोन भोकें पाडत? एकानें तेल येतें, दुसऱ्यानें हवा जाते. एकच पाडलें तर धार अडते."

मीं ज्या नियमावर ३२ वर्षें फळा भरला, तो हाच. वायूला जागा जास्त मिळाली कीं त्याचा दाब त्या प्रमाणांत उतरतो. बॉइलचा नियम म्हणून इयत्ता नववी-दहावीची मुलें तो पाठ करीत. समजा, कांठोकांठ भरल्यावर टांकींत तीन लिटर हवा उरली. आमची गाडी लिटरास १२ किलोमीटर जाते. म्हणजे दहा किलोमीटरांत सुमारें ०.८ लिटर पेट्रोल गेलें. बाहेरून हवा येत नसेल तर ती तीन लिटर हवा ३.८ लिटर जागेंत पसरेल, आणि तिचा दाब जवळजवळ चार पंचमांशावर येईल. पंपाचा एवढासा पडदा त्या ओढीविरुद्ध किती झुंजणार? परंतु टांकी निम्मी रिकामी असली, म्हणजे आंत २० लिटर हवा असली, तर त्याच दहा किलोमीटरांत दाब शेंकडा चारच उतरेल, आणि पंपाला पत्ताहि लागणार नाहीं. म्हणून गांवांतल्या फेऱ्यांत ती रुसत नसे. म्हणून अर्ध्या टांकीवर ती नागपूर गांठून आली. आणि म्हणूनच मी जितकी काळजी घेऊन टांकी भरीं, तितकी ती लवकर थांबे. वीस मिनिटांच्या विश्रांतींत झांकणाच्या रबराच्या फटींतून थोडी हवा आंत झिरपे, आणि आम्ही समजत असूं कीं गाडी थंड झाली. सर्व पुरावा सहा महिने माझ्या डोळ्यांपुढें होता. मी तो पुढच्या झांकणाखालीं शोधीत होतों.

तासाभरांत आम्ही महालांत पोंचलों. मावशी शुद्धीवर होती. आईनें तिचा हात हातांत घेतला, आणि दोघी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग मावशीनें विचारलें, "कशानें आलीस?" आई म्हणाली, "आपल्या गाडीनें." त्या उत्तरानें मावशीच्या चेहऱ्यावर जें उमटलें, तें पाहिल्यावर मी बाहेर येऊन नागपूरच्या त्या गृहस्थांना दूरध्वनी केला, आणि रविवारीं येण्याची तसदी घेऊं नका, असें नम्रपणें कळविलें. जानेवारींत मावशी गेली. त्या एका महिन्यांत आईला मीं चार वेळां तिच्याकडे नेलें, चारहि वेळां टांकी भरून.

मिस्त्रींना हकीकत सांगितली तेव्हां त्यांनीं कपाळावर हात मारून घेतला. "मास्तर, माझ्याकडे गाडी येऊन उभी राहे, तवां तुमी पेट्रोल संपवूनच आनत होते. मागं कोन पाहते!" मग थोडें थांबून म्हणाले, "मायला विचाराले पाहिजे होतं."

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांना एवढेंच सांगावेंसें वाटतें. पेट्रोलची तक्रार आली तर शोध टांकीपासून सुरू करावा आणि जेटपाशीं संपवावा. आम्ही केला तसा उलटा करूं नये. गाडी थांबल्याबरोबर, ती थंड होण्याची वाट न पाहतां, प्रथम टांकीचें झांकण उघडावें. त्याला एक पैहि लागत नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक खेपेस टांकींत किती पेट्रोल होतें, हवा कशी होती, किती अंतरावर गाडी थांबली, हें लिहून ठेवावें. कार्बुरेटरच्या जेटला सुई कधींहि लावूं नये. हें माझें मे महिन्यांतलें व्याख्यान अद्यापहि खरेंच आहे.

तें व्याख्यान खोटें नव्हतें, हीच तर माझ्या मनाला लागलेली गोष्ट आहे. माझें म्हणणें चुकीचें असतें तर कोणी तरी तें खोडून काढलें असतें. तें बरोबर होतें, आणि त्या बरोबर उत्तरानें मीं आईचें तोंड सहा महिने बंद केलें. सुई कोठें टोंचीत, एवढा एक प्रश्न मीं त्या बाभळीखालीं विचारला असता, तर मावशीची पंचाहत्तरी आईला पाहतां आली असती. छत्तीस वर्षें ती त्या गाडींत बसली. गाडीविषयीं तिला कांहीं ठाऊक असेल, हें वडिलांच्या मागें आमच्यापैकीं कोणाच्याच मनांत आलें नाहीं, कारण ती चालवीत नसे.

ती सुई मीं गाडींतच एका कागदांत टोंचून ठेवली होती. परवां आई गोधडी शिवावयास बसली, आणि मला विचारूं लागली, "माझी सुई परत केली नाहींस ना? तुझे बाबा लगेच देत असत."